मोबाईलने मोजा गुडघा किती वाकतो! पण फक्त आकडा पुरेसा आहे का?

समजा, वाटूरला तुमच्या आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि फिजिओथेरपिस्ट जालन्यात आहेत. त्यांनी फोनवर विचारलं, "गुडघा किती वाकतो?" आपण म्हणतो, "बराच वाकतो की!" यावरून त्यांना काय कळणार? त्यांना अंश हवेत. ते तुमचा फोन सांगू शकतो.

फोनला कोन कसा कळतो?

फोनमधला ॲक्सिलरोमीटर हा सेन्सर गुरुत्वाकर्षणाची दिशा ओळखतो. फोन आडवा धरला की स्क्रीन फिरते, ती यामुळेच. क्लिनोमीटर प्रकारची ॲप्स हाच उतार अंशांत दाखवतात. दवाखान्यात यासाठी गोनिओमीटर असतं, म्हणजे दोन पट्ट्या जोडलेला कोनमापक.

मोजायचं कसं?

१. आजीला पाठीवर झोपवा. टाच गादीवर ठेवून, झेपेल इतकाच गुडघा त्यांना स्वतः वाकवू द्या. जोर लावू नका.
२. कव्हर काढून फोनची लांब कड मांडीवर मधोमध ठेवा. आकडा लिहा.
३. तसंच नडगीवर करा.
४. दोन्हींची बेरीज करा. मांडी ५०, नडगी ६०, म्हणजे गुडघा ११० अंश वाकला.

निरोगी गुडघा साधारण १३५ ते १४० अंश वाकतो. दर वेळी फोन त्याच जागी ठेवा, नाहीतर गुडघा सुधारला की फोन सरकला, हेच कळणार नाही.

खरी तपासणी इथून पुढे

फिजिओथेरपीचे विद्यार्थी क्रमाने शिकतात: आधी विचारायचं, मग बघायचं, हात लावून पाहायचं आणि नंतर हालचाल. हालचालही दोनदा बघतात. आधी रुग्ण स्वतः करतो, मग तपासणारा हाताने करून बघतो.

आजी स्वतः ९० अंशच वाकवतात, पण फिजिओच्या हाताने ११० होतात? मग सांधा मोकळा आहे; ताकद कमी पडतेय किंवा दुखण्याची भीती आहे. दोन्ही वेळा ९० लाच अडतंय? मग सांधा आखडलेला असू शकतो. आकडा तोच, पण व्यायाम वेगळा! हा फरक ॲपला कळत नाही.

म्हणून आकड्यासोबत बाजूने काढलेला छोटा व्हिडिओही पाठवा. आणि पोटरी अचानक सुजली, लाल-गरम झाली, ताप आला किंवा दम लागला, तर मोजत बसू नका. लगेच दवाखाना गाठा.