चेन्नईतील नोकरीची मुलाखत आणि महिला उमेदवारांचा पेहराव

नोकरीच्या मुलाखतीला कोणता पेहराव करून जावे, हा प्रश्न पुरुष उमेदवारांपेक्षा महिला उमेदवारांना अधिक सतावतो. फिकट रंगाचा शर्ट, गडद पँट आणि बूट एवढ्यावर पुरुषांचा प्रश्न बहुधा सुटतो. महिलांपुढे साडी, सलवार-कमीज, चुडीदार, शर्ट-पँट असे पर्याय असतात आणि त्यांच्या जोडीला ओढणी, टिकली, दागिने, केसांतील फुले व पादत्राणे यांचाही विचार करावा लागतो. शिवाय त्यांच्या अंगावरील काही वस्तू त्या विवाहित आहेत की अविवाहित, हेही सांगून जातात. मुलाखत घेणाऱ्याने ती माहिती विचारात घ्यावी काय, हा प्रश्न २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या एका कारखान्याच्या निमित्ताने देशभर चर्चिला गेला.

श्रीपेरुम्बुदूरचे प्रकरण

चेन्नईपासून सुमारे ४० किलोमीटर अंतरावरील श्रीपेरुम्बुदूर परिसर मोटारी आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. ॲपल कंपनीसाठी आयफोनची जुळणी करणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीचा कारखानाही येथेच आहे. या कारखान्यातील जुळणीच्या कामासाठी विवाहित महिलांना डावलले जात असल्याचे वृत्त रॉयटर्स या वृत्तसंस्थेने जून २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. कौटुंबिक जबाबदाऱ्या, गरोदरपण आणि गैरहजेरी ही त्यामागची कारणे असल्याचे वृत्तात म्हटले होते. विवाहित हिंदू महिला घालतात ते पारंपरिक दागिने उत्पादनात अडथळा ठरू शकतात, असेही कारण त्यात नमूद होते. तमिळनाडूत विवाहित महिला गळ्यात ‘ताली’ आणि पायात ‘मेट्टी’ घालतात. महाराष्ट्रातील मंगळसूत्र आणि जोडवी यांचेच हे दाक्षिणात्य रूप होय.

केंद्रीय श्रम मंत्रालयाने या वृत्ताची दखल घेऊन तमिळनाडू सरकारकडून अहवाल मागवला. कंपनीने भेदभावाचा आरोप फेटाळला. नव्याने भरती झालेल्या महिलांपैकी सुमारे २५ टक्के महिला विवाहित असल्याचे, तसेच कामाच्या ठिकाणी धातूच्या वस्तू न घालण्याचा नियम स्त्री-पुरुष आणि सर्वधर्मीय कर्मचाऱ्यांना सारखाच लागू असल्याचे कंपनीकडून सांगण्यात आले. भरती करणाऱ्या मध्यस्थ संस्थांनी जाहिरातींतून वय, लिंग आणि वैवाहिक स्थितीच्या अटी काढून टाकाव्यात, अशा सूचना त्यानंतर कंपनीने दिल्याचे वृत्त त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आले.

कामाची गरज आणि तिची मर्यादा

पेहरावाविषयीची कोणती अपेक्षा रास्त मानावी, हे या प्रकरणातून समजून घेता येते. इलेक्ट्रॉनिक सुटे भाग स्थिर विजेच्या अगदी लहान धक्क्यानेही निकामी होऊ शकतात. त्यामुळे जुळणीच्या विभागात धातूचे दागिने काढून ठेवण्याचा आणि विशेष कपडे घालण्याचा नियम जगभर पाळला जातो. फिरत्या यंत्राजवळ पदर, ओढणी किंवा मोकळे केस प्राणघातक ठरू शकतात. फिरत्या यंत्रांची तपासणी किंवा वंगण घालण्याचे काम अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या कामगारानेच करावे, अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमात याच कारणासाठी होती.

असा नियम कामाच्या जागेपुरता असतो. जोडवी कामाच्या वेळी काढून ठेवावी लागतील, असे सांगणे हा सुरक्षेचा नियम आहे. जोडवी दिसली म्हणून उमेदवारालाच नाकारणे, हा वेगळा प्रकार आहे. पहिल्यात वस्तूचा विचार होतो, तर दुसऱ्यात त्या वस्तूवरून व्यक्तीविषयी निष्कर्ष काढला जातो.

कायद्याची स्थितीही माहीत असणे उपयुक्त आहे. भरती करताना महिलांशी भेदभाव करण्यास १९७६ च्या समान वेतन कायद्याने मनाई केली होती. त्याच आशयाची तरतूद २०१९ च्या वेतन संहितेत असून ही संहिता नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. मात्र खासगी आस्थापनांनी वैवाहिक स्थितीवरून उमेदवार नाकारू नये, असा स्पष्ट शब्दांतील स्वतंत्र कायदा नाही. सरकारी सेवेबाबत न्यायालयाची भूमिका अधिक नि:संदिग्ध आहे. विवाह केला म्हणून १९८८ मध्ये सेवेतून काढण्यात आलेल्या लष्करी परिचर्या सेवेतील एका महिला अधिकाऱ्याला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आणि असा नियम उघडपणे मनमानी असल्याचे म्हटले.

सरकारी कार्यालयांतील संकेत

मुलाखतीच्या पेहरावाबाबत लेखी नियम क्वचितच असतात. त्यामुळे ज्या ठिकाणी नोकरी करायची, तेथील कर्मचाऱ्यांसाठी असलेले नियम पाहणे हा सोपा मार्ग ठरतो. तमिळनाडू सरकारने २०१९ मध्ये काढलेल्या आदेशानुसार महिला कर्मचाऱ्यांसाठी साडी, सलवार-कमीज किंवा ओढणीसह चुडीदार हे पर्याय सांगितले आहेत. पुरुषांसाठी शर्ट-पँट किंवा वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचे धोतर, यांचा उल्लेख आहे.

महाराष्ट्र सरकारच्या डिसेंबर २०२० च्या परिपत्रकात साडी, सलवार आणि चुडीदार-कुर्ता यांच्याबरोबर ट्राऊझर व त्यावर शर्ट किंवा कुर्ता हाही पर्याय महिलांना दिला होता. त्यातील जीन्सवरील बंदी मार्च २०२१ मध्ये मागे घेण्यात आली. दोन्ही राज्यांतील हे नियम कर्मचाऱ्यांसाठी आहेत, उमेदवारांसाठी नव्हेत. तरीही मुंबईतील कार्यालयात शर्ट-पँट घालून सहज वावरणाऱ्या तरुणीने चेन्नईतील सरकारी कार्यालय, शाळा किंवा जुन्या वळणाची संस्था येथे मुलाखतीला जाताना साडी किंवा ओढणीसह सलवार-कमीज निवडणे अधिक सोयीचे ठरते.

संगणक क्षेत्र आणि महाविद्यालयांतील मुलाखती

चेन्नईतील ‘टायडल पार्क’ हे माहिती तंत्रज्ञान संकुल २००० मध्ये सुरू झाले. त्यानंतर जुन्या महाबलीपुरम रस्त्याच्या कडेने, सिरुसेरीपर्यंत, संगणक कंपन्यांची कार्यालये उभी राहिली. या कंपन्यांत रोजचा पेहराव मोकळा असला, तरी मुलाखतीच्या दिवशी नेटक्या पेहरावाचीच अपेक्षा असते. सलवार-कमीज, सरळ कुर्ता व पँट, शर्ट-पँट यांपैकी काहीही चालते. जीन्स आणि टी-शर्ट मात्र त्या दिवशी टाळलेले बरे.

तमिळनाडूतील अभियांत्रिकी महाविद्यालयांची पार्श्वभूमी येथे लक्षात घ्यावी लागते. अण्णा विद्यापीठाने २००५ मध्ये संलग्न महाविद्यालयांत जीन्स, टी-शर्ट, बिनबाह्यांचे आणि घट्ट कपडे यांवर निर्बंध घातले होते. त्या निर्णयावर बरीच टीका झाली. तरीही अनेक महाविद्यालयांत ओढणीसह सलवार-कमीज हाच विद्यार्थिनींचा नित्याचा पेहराव राहिला. महाविद्यालयातच होणाऱ्या निवड मुलाखतींना त्या याच पेहरावात येतात. तेव्हा शहरातील इतर उमेदवार ब्लेझर घालून येतील, अशी धास्ती बाळगण्याचे कारण नाही.

ब्लेझर आणि स्कर्ट हा महिलांचा ‘मुलाखतीचा पोशाख’ असल्याची कल्पना अमेरिकेतून आली. जॉन मॉलॉय यांच्या १९७७ मधील पुस्तकाने तेथील नोकरदार महिलांना स्कर्ट आणि कोट यांचा संच सुचवला आणि तो सल्ला लोकप्रिय झाला. पुरुषांच्या कचेरीत महिलांना गंभीरपणे घेतले जावे, हा त्यामागचा हेतू होता. भारतात साडीने हे काम बँका, शाळा, न्यायालये आणि मंत्रालयांत पूर्वीच केले होते.

हवामानाचा विचार

चेन्नईत मे महिन्यात कमाल तापमान ३७ ते ३८ अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि समुद्रामुळे हवा दमट असते. ‘कत्तिरी’ या नावाने ओळखला जाणारा कडक उन्हाचा काळही याच महिन्यात येतो. अशा वेळी अस्तर लावलेला जाड कोट किंवा कृत्रिम धाग्याचे कापड घातल्यास उमेदवार मुलाखतीपूर्वीच घामाघूम होते. सुती किंवा सुती-रेशमी मिश्रणाचे कापड योग्य ठरते. राखाडी आणि फिकट निळ्या रंगांवर घामाचे डाग चटकन दिसतात. पांढरा, गडद निळा किंवा बारीक नक्षीचा कपडा ते झाकतो.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चेन्नईचा मुख्य पावसाळा जून-जुलैत नसून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, ईशान्य मोसमी वाऱ्यांमुळे येतो. या दिवसांत सखल भागांत पाणी साचते. घेरदार सलवार घोट्यापाशी भिजते, म्हणून अरुंद पायांचा चुडीदार किंवा घोट्याच्या वर संपणारी पँट बरी. प्रवासासाठी साधी चप्पल आणि पिशवीत मुलाखतीचे कोरडे पादत्राण, ही व्यवस्था उपयोगी पडते. उलट संगणक कंपन्यांच्या वातानुकूलित दालनांत बराच वेळ बसावे लागल्यास थंडी वाजते. तेव्हा सुती ओढणी किंवा पातळ जाकीट जवळ असावे.

साडी निवडताना

तमिळनाडू म्हटले की कांजीवरम आठवते. परंतु जरीकाठाची भारी कांजीवरम हे तेथे लग्नसमारंभाचे वस्त्र आहे. मुलाखतीसाठी चेट्टिनाड किंवा कांची येथील सुती साडी शोभते. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या ‘को-ऑप्टेक्स’ या हातमाग विणकरांच्या सहकारी संस्थेच्या दुकानांत अशा साड्या मिळतात. खळ घातलेली सुती साडी मात्र बस किंवा लोकलमध्ये चुरगळते. लांबून येणाऱ्या उमेदवाराला हलकी सुती-रेशमी साडी अधिक सोयीची.

साडीची सवय नसलेल्या तरुणीने केवळ मुलाखतीसाठी साडी नेसण्याचा अट्टहास करू नये. पदर सावरण्यात लक्ष गुंतल्यास उत्तरांवर परिणाम होतो. साडी नेसायचीच असेल, तर आदल्या आठवड्यात ती नेसून जिना चढावा, खुर्चीत बसावे आणि कागदांची फाइल उघडून पाहावी. पदराला खांद्यावर पिन लावावी. हाच नियम ओढणीलाही लागू आहे.

दागिन्यांबाबत कमी आणि आवाज न करणारे, एवढे सूत्र पुरेसे आहे. खळखळणाऱ्या बांगड्या आणि पैंजण टाळावेत. मंगळसूत्र, ताली, जोडवी, टिकली किंवा डोक्यावरील रुमाल या श्रद्धेच्या आणि वैयक्तिक निवडीच्या गोष्टी आहेत. त्या नोकरी मिळावी म्हणून लपवाव्यात, अशी अपेक्षा कोणी करू नये. केसांतील मोगऱ्याचा गजरा चेन्नईत सणासुदीपुरता नसून रोजच्या वापरातला आहे. कार्यालयीन मुलाखतीत तो खटकत नाही. औषधे, खाद्यपदार्थ किंवा इलेक्ट्रॉनिक वस्तू तयार करणाऱ्या कारखान्यात मात्र तो नको.

खर्चाचा प्रश्न

घरात पहिल्यांदाच पदवीपर्यंत शिकलेल्या मुलीसाठी मुलाखतीचा नवा पोशाख हा मोठा खर्च असू शकतो. तो अनिवार्य नाही. धुतलेला, इस्त्री केलेला, शिवण न उसवलेला आणि नीट बसणारा जुना पोशाख पुरेसा असतो. बहिणीचा किंवा मैत्रिणीचा कपडा घेतल्यास बाही आणि लांबी आधी तपासावी. महागड्या कापडापेक्षा पॉलिश केलेली चप्पल आणि स्वच्छ नखे यांची नोंद लवकर घेतली जाते. चेन्नईत मे २०२१ पासून साध्या भाड्याच्या शहर बसगाड्यांत महिलांना मोफत प्रवास करता येतो. त्यामुळे मुलाखतीचे ठिकाण आदल्या दिवशी पाहून येण्यास खर्च येत नाही.

संगणकाच्या पडद्यावरून होणाऱ्या मुलाखतींचे प्रमाण २०२० नंतर वाढले आहे. अशा मुलाखतीत बारीक रेघांचा किंवा चौकटींचा कपडा पडद्यावर थरथरल्यासारखा दिसतो. एकाच रंगाचा, मागील भिंतीपेक्षा वेगळा उठून दिसणारा कपडा घालावा. अर्धाच पेहराव पुरेसा, असे मानू नये. कागद आणण्यासाठी मध्येच उठावे लागू शकते.

अनुचित प्रश्न विचारल्यास

लग्न कधी करणार, मूल कधी होणार, असे प्रश्न आजही मुलाखतींत विचारले जातात. पाळीची वेळ, प्रवास आणि रुजू होण्याची तारीख या कामाशी संबंधित बाबींपुरते उत्तर देऊन उमेदवार विषय पुन्हा कामाकडे वळवू शकते. शरीर किंवा कपडे यांविषयी लैंगिक स्वरूपाची टिप्पणी झाल्यास २०१३ च्या कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याचा आधार आहे. तक्रारदार महिला तेथे नोकरीला असलीच पाहिजे, अशी अट या कायद्यात नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक असून घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करता येते. जेथे अशी समिती नाही, तेथे जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. मुलाखतीचे पत्र, तारीख आणि उपस्थितांची नावे लिहून ठेवल्यास तक्रार करणे सोपे जाते.

मुलाखतीचा पेहराव कामाला, हवामानाला आणि स्वतःच्या सवयीला साजेसा असला की त्याचे प्रयोजन पूर्ण होते. पुढील निर्णय उमेदवाराची उत्तरे आणि तिची पात्रता यांवरून व्हावा आणि तो तसा होईल, हे पाहण्याची जबाबदारी मुलाखत घेणाऱ्यांची असते.