खर्जाच्या वाद्याची कैफियत

आषाढीच्या वारींत तुकोबांची पालखी बारामती व इंदापूर येथें मुक्कामास असते. टाळ-मृदंगाच्या गजरांत विणेकऱ्याची वीणा अखंड झंकारत असते. तिच्या सुराच्या आधारावर अभंग उभा राहतो. परंतु तिनें स्वतःच अभंग आळवावा, अशी अपेक्षा कोणी करीत नाहीं. पाश्चात्य वाद्यवृंदांत डबल बेसची स्थिति पुष्कळशी अशीच आहे. माणसाहून उंच असें हें गजानें वाजविण्याचें वाद्य मागें राहून सर्वांना खर्ज पुरवितें.

कॉन्चेर्टो म्हणजे एका वाद्यानें पुढें यावें आणि सबंध वाद्यवृंदानें त्याच्याशीं संवाद करावा, अशी दीर्घ रचना. व्हायोलिनला हा मान सहज मिळतो. डबल बेसच्या वाटेंत मात्र दोन अडचणी आहेत. खर्जाचे स्वर इतर वाद्यांच्या गर्दींत बुडून जातात. आणि तारा लांब असल्यामुळें एका स्वरापासून दुसऱ्या स्वरापर्यंत हाताला मोठा पल्ला गांठावा लागतो.

हें कोडें सोडविणारांपैकीं एक सर्ज कुसेवित्स्की होत. त्यांचा जन्म १८७४ सालीं रशियांत झाला. मॉस्कोच्या संगीतशाळेंत डबल बेससाठीं शिष्यवृत्ति मिळत होती, म्हणून गरीब घरच्या या मुलानें तें वाद्य पत्करिलें. पुढें बोल्शॉय नाट्यगृहाच्या वाद्यवृंदांत ते वाजवूं लागले. त्यांनीं १९०२ सालीं रचिलेला कॉन्चेर्टो १९०५ सालीं मॉस्कोंत प्रथम झाला, तेव्हां वादक तेच होते.

या रचनेंत तारा नेहमींपेक्षां एक स्वर चढ्या लावितात. वादक अंगठाच तारेवर टेकवून वरच्या स्वरांत गातो व तेव्हां वाद्यवृंद आवाज आवरतो. भाग तीन, मधला संथ, आणि तिसऱ्याच्या आरंभीं पहिल्याची सुरावट परत येते.

वरच वाजवावयाचें, तर खर्जाचें काय उरलें, अशी शंका रास्त आहे. परंतु वरच्या स्वरांतही या वाद्याचा घोगरा, भारदस्त पुरुषी आवाज लोपत नाहीं. आणि सुरावट खालीं उतरते तेव्हां एरवीं नुसता आधार देणारा स्वर स्वतःचें दुःख सांगूं लागतो.

कुसेवित्स्की पुढें १९२४ ते १९४९ बोस्टनच्या वाद्यवृंदाचे संचालक होते. मुंबईचे झुबिन मेहता १९५४ सालीं व्हिएन्नास गेले, तेव्हां वाद्यवृंदसंचालनाबरोबर तेही डबल बेसच शिकले. मागें उभें राहून ज्यानें सर्वांना आधार दिला, त्याला सर्वांचे सूर ऐकण्याची संवय जडते. वारींतली वीणा मन लावून ऐकणारास हें निराळें सांगावें लागणार नाहीं.