चिल्ड वॉटर एसी: ७ अंश, १२ अंश आणि मधला फरक

मोठ्या इमारतींच्या एसीवर संशोधन करायचं ठरलं की आपण बहुतेक जण थेट सिम्युलेशनला बसतो. त्याआधी एक काम करा. कागद घ्या आणि पाणी कुठून कुठे जातं ते काढा.

घरातल्या स्प्लिट एसीत रेफ्रिजरंट थेट खोलीतल्या युनिटपर्यंत येतं. हॉस्पिटल किंवा आयटी पार्कमध्ये ते सगळ्या मजल्यांवर फिरवायचं तर गॅस खूप लागतो आणि गळतीचा धोकाही वाढतो. म्हणून तिथे उष्णता वाहायचं काम पाण्याला दिलेलं असतं. प्लांट रूममधला चिलर पाणी साधारण ७ अंश सेल्सिअसपर्यंत गार करतो. पंप ते प्रत्येक मजल्यावरच्या एएचयूकडे ढकलतो. तिथे पाणी कॉइलच्या नळ्यांतून जातं आणि पंखा नळ्यांवरून हवा खेचतो. हवा गार होते, पाणी साधारण १२ अंशांवर परत येतं. चिलरने काढलेली उष्णता पाण्याच्या दुसऱ्या सर्किटमधून गच्चीवरच्या कूलिंग टॉवरकडे जाते. तिथे थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उष्णता बाहेर पडते.

खोली २४ अंशांवर ठेवायची, मग पाणी इतकं गार कशाला? कारण हवेतलं बाष्पही काढायचं असतं. २४ अंश आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेचा दवबिंदू साधारण १३ अंश असतो. कॉइल त्याहून थंड असेल तरच बाष्पाचं पाणी होऊन ते ट्रेमध्ये ठिबकतं. म्हणून ‘पाणी १२ अंशांना सोडा, चिलरची वीज वाचेल’ हे चिलरपुरतं खरं असलं, तरी मुंबईच्या पावसाळ्यात खोली दमट राहील.

आता थोडं गणित. १ टन म्हणजे ३.५१७ किलोवॉट. पाण्याची विशिष्ट उष्णता ४.१८ आणि तापमानातला फरक ५ अंश धरला, तर एका टनाला मिनिटाला सुमारे १० लिटर पाणी लागतं. कॉइल मळली किंवा व्हॉल्व्ह उघडाच अडकला, की फरक अडीच अंशांवर येतो. मग तेवढ्याच गारव्यासाठी पाणी दुप्पट फिरवावं लागतं. पाइपलाइन तीच आणि सगळा दाब घर्षणात जातो असं मानलं, तर पंपाची शक्ती प्रवाहाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे आठपट! यालाच ‘लो डेल्टा-टी’ म्हणतात.

संशोधक म्हणून खरी मेख मात्र मोजमापात आहे. समजा तुमच्या दोन्ही सेन्सरची अचूकता ±०.५ अंश आहे. आपल्याला हवा असलेला फरकच मुळात ५ अंशांचा. चुका उलट दिशांना झाल्या, तर फरकात १ अंशाची, म्हणजे २० टक्क्यांची चूक येते. शीतनभार याच फरकावरून काढतात, त्यामुळे ती चूक जशीच्या तशी तिथे उतरते. अशा मापनावर ‘कार्यक्षमता ८ टक्के सुधारली’ असं लिहिलंत, तर व्हायव्हात पहिला प्रश्न तिथेच येणार, आणि तो रास्तच असेल.

उपाय महागडा नाही. दोन्ही सेन्सर एकाच पाण्यात बुडवा, वेगवेगळ्या तापमानांना दोघांच्या वाचनातला फरक नोंदवा आणि तेवढी दुरुस्ती करा. शिवाय फक्त चिलरची वीज मोजू नका. दोन्ही सर्किटचे पंप, टॉवरचा आणि एएचयूचा पंखा, सगळ्यांची बेरीज घ्या. एका ठिकाणी वाचलेली वीज दुसरीकडे खर्च होत नाही ना, हे त्या बेरजेतच कळतं. सिम्युलेशन त्यानंतर खुशाल करा.