कॅनरी बेटं: जगभरातून लोक राहायला येतात, मग स्थानिक रस्त्यावर का उतरले?

समुद्राकडे तोंड केलेली बाल्कनी, टेबलावर लॅपटॉप, शेजारी कॉफीचा ग्लास आणि ऐन जानेवारीत अंगात हाफ टी-शर्ट. असे रील्स तुम्हीही पाहिले असतील. त्यातले काही नक्कीच स्पेनच्या कॅनरी बेटांवरचे असतात. युरोपातल्या थंडीला कंटाळलेले हजारो ब्रिटिश, जर्मन आणि इटालियन लोक इथे राहायला आले आहेत.

पण २० एप्रिल २०२४ रोजी याच बेटांवर हजारो स्थानिक लोक ‘कॅनरी बेटांनाही मर्यादा आहे’ असं म्हणत रस्त्यावर उतरले. ऑक्टोबर २०२४ आणि मे २०२५ मध्ये पुन्हा मोर्चे निघाले. इतक्या सुंदर ठिकाणी इतका राग कशामुळे? बाहेरून आलेल्या माणसाचा तिथला रोजचा दिवस पाहिला, तर उत्तराचा बराचसा भाग सापडतो.

ही बेटं नेमकी आहेत कुठे?

कॅनरी बेटं स्पेनची असली तरी नकाशात ती आफ्रिकेच्या शेजारी दिसतात. सर्वात जवळचं बेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून साधारण १०० किलोमीटरवर आहे, तर माद्रिद सुमारे १,७०० किलोमीटर लांब आहे. तेनेरिफे, ग्रान कनारिया, लान्सारोते, फुएर्तेव्हेंतुरा, ला पाल्मा, ला गोमेरा, एल हिएरो आणि ला ग्रासिओसा अशी ही वस्ती असलेली आठ बेटं. लोकसंख्या सुमारे २२ लाख. तेनेरिफेवरचा तेइदे हा ३,७१५ मीटर उंचीचा ज्वालामुखी स्पेनचं सर्वात उंच शिखर आहे.

बेटांना कॅनरी पक्ष्यावरून नाव मिळालं, असं अनेकांना वाटतं. खरं तर उलटं आहे. पक्ष्याला नाव बेटांवरून मिळालं. बेटांचं नाव लॅटिन भाषेतल्या कुत्र्यासाठीच्या शब्दावरून आल्याचं मानलं जातं.

रोजचा दिवस कसा असतो?

पहिला बदल घड्याळात. बेटांवरची वेळ मुख्य स्पेनपेक्षा एक तास मागे असते. त्यामुळे स्पेनभर रेडिओवर वेळ सांगताना ‘कॅनरी बेटांवर एक तास कमी’ हे वाक्य हमखास ऐकू येतं. दुपारचं जेवण दोन-अडीचला, रात्रीचं नऊच्या आसपास. अनेक छोटी दुकानं दुपारी काही तास बंद असतात. दुपारी एक वाजता किल्ली बनवून घ्यायला निघालेल्या नवख्या माणसाला बंद शटर पाहून परत यावं लागतं.

दुसरा बदल भाषेत. बाकी स्पेनमध्ये बसला ‘आउतोबुस’ म्हणतात, इथे ‘ग्वाग्वा’. हाच शब्द क्युबातही चालतो, कारण बेटांवरचे लोक कित्येक पिढ्या कामासाठी तिकडे जात-येत राहिले. दवाखान्यात किंवा दुकानात शिरताना तिथे असलेल्या सगळ्यांना ‘सुप्रभात’ म्हणायची रीत आहे. भाजीवाली अनोळखी गिऱ्हाइकालाही ‘मी निन्यो’, म्हणजे ‘माझ्या बाळा’, म्हणून हाक मारते. मग ते गिऱ्हाईक साठीचं असलं तरी!

ला गोमेरा बेटावर तर शिट्टीची भाषा आहे. खोल दऱ्यांच्या पलीकडे निरोप पोहोचवण्यासाठी ‘सिल्बो गोमेरो’ वापरली जायची. २००९ मध्ये युनेस्कोने तिला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. आज ती तिथल्या शाळांत शिकवली जाते.

ताटात काय असतं?

इथला सर्वात ओळखीचा पदार्थ म्हणजे ‘पापास अर्रुगादास’, अर्थात सुरकुतलेले बटाटे. छोटे बटाटे सालासकट भरपूर मीठ घातलेल्या पाण्यात उकडतात. पाणी आटलं की साल सुरकुतते आणि वर मिठाचा पांढरा थर येतो. सोबत ‘मोहो’ ही चटणी असते. लाल मोहोत सुकी मिरची, लसूण आणि जिरं, तर हिरव्यात बहुतेकदा कोथिंबीर. मराठी जिभेला हे परकं वाटणार नाही.

‘गोफिओ’ तर आणखी ओळखीचं वाटेल. भाजलेल्या धान्याचं हे पीठ आपल्या सातूच्या पिठासारखं असतं. स्पॅनिश लोक येण्याआधीच्या मूळ रहिवाशांपासून ते चालत आलं आहे. दुधात किंवा रश्शात कालवून आजही ते घरोघरी खाल्लं जातं.

रील्समध्ये न दिसणाऱ्या गोष्टी

‘कायम वसंत’ ही जाहिरात अर्धीच खरी आहे. ग्रान कनारियाची राजधानी लास पाल्मासवर उन्हाळ्यात अनेक दिवस करड्या ढगांचं छत असतं. स्थानिक त्याला ‘गाढवाचं पोट’ म्हणतात. सहारातून धूळ घेऊन येणाऱ्या वाऱ्याला ‘कालिमा’ म्हणतात. फेब्रुवारी २०२० मध्ये ही धूळ इतकी दाट होती की विमानतळ बंद ठेवावे लागले.

पाण्याचाही प्रश्न आहे. लान्सारोते आणि फुएर्तेव्हेंतुरासारख्या कोरड्या बेटांवर नळाला येणारं पाणी प्रामुख्याने समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळवलेलं असतं. अनेक घरांत प्यायला विकतचं पाणी आणतात.

कर मात्र कमी आहे. मुख्य स्पेनमध्ये वस्तूंवर सर्वसाधारण २१ टक्के मूल्यवर्धित कर लागतो. बेटांवर त्याऐवजी वेगळा कर असून त्याचा सर्वसाधारण दर ७ टक्के आहे. पण याच वेगळ्या व्यवस्थेमुळे बाहेरून मागवलेल्या पार्सलला कस्टम्सचे सोपस्कार करावे लागतात. काही ऑनलाइन विक्रेते तर बेटांवर माल पाठवतच नाहीत.

इथे भारतीय कधी पोहोचले?

लॅपटॉपवाल्यांच्या खूप आधी. १८५२ मध्ये इथली बंदरं करसवलतीसह व्यापाराला खुली झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सिंधी व्यापारी येऊ लागले. फाळणीनंतर सिंधमधून विस्थापित झालेल्या हजारो कुटुंबांनी उल्हासनगरात संसार मांडला, तेव्हा काहींनी नातेवाइकांच्या आधाराने या बेटांची वाट धरली. लास पाल्मास आणि सांता क्रूस या शहरांत कापड, घड्याळं आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची त्यांची दुकानं ‘बाजार’ म्हणून ओळखली गेली. आज त्यांच्या पुढच्या पिढ्या तिथल्याच झाल्या आहेत.

मग राग कशाचा आहे?

मुख्य कारण घर. बेटांच्या अर्थव्यवस्थेचा सुमारे एक तृतीयांश भाग पर्यटनावर चालतो. वर्षाला दीड कोटीहून जास्त पर्यटक येतात. पण हॉटेलात खोल्या आवरणाऱ्या आणि जेवण वाढणाऱ्या लोकांचे पगार स्पेनमधल्या सर्वात कमी पगारांमध्ये मोडतात. त्यात बरीच घरं पर्यटकांना आठवड्याच्या भाड्याने दिली जातात. वर्षभरासाठी भाड्याने मिळणारी घरं कमी झाली आणि भाडी वाढली. नोकरी असूनही गाडीत किंवा कॅराव्हॅनमध्ये राहणाऱ्या कामगारांच्या बातम्या आल्या.

त्यात भर पडली दूरस्थ काम करणाऱ्यांची. स्पेनने २०२३ पासून ‘डिजिटल नोमॅड’ व्हिसा सुरू केला. त्यासाठी अर्जदाराचं उत्पन्न स्पेनच्या किमान वेतनाच्या किमान दुप्पट असावं लागतं. म्हणजे किमान वेतनावर काम करणारा वेटर आणि हा नवा पाहुणा एकच फ्लॅट पाहायला गेले, तर कोण जिंकणार हे आधीच ठरलेलं असतं. इथे कोणी वाईट वागलेलं नाही, पण एकाचं घर जातं.

हा वाद नवा नाही. लान्सारोतेचे चित्रकार आणि शिल्पकार सेसार मानरिके यांनी १९९२ मध्ये निधन होईपर्यंत बेसुमार बांधकामाला विरोध केला. त्या बेटावर आजही ठळकपणे दिसणाऱ्या बुटक्या पांढऱ्या घरांमागे त्यांचा मोठा प्रभाव आहे.

आंदोलकांच्या मागण्याही ठोस आहेत: नव्या हॉटेलांना स्थगिती, पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांवर नियंत्रण, पर्यटन कर आणि बेटांवर न राहणाऱ्यांच्या घरखरेदीवर मर्यादा.

आंदोलकांचा रोख परक्या माणसांवर नाही, असं ते स्वतः सांगतात. बेटांवरच्या लोकांना स्थलांतर काय असतं हे चांगलंच ठाऊक आहे. गरिबीमुळे त्यांचे आजे-पणजे क्युबा आणि व्हेनेझुएलाला गेले होते. इतके की व्हेनेझुएलाला इथे कौतुकाने ‘आठवं बेट’ म्हणायचे. आता त्यांच्या नातवंडांना कामासाठी परदेशी जावं लागत नाही, काम घराजवळच आहे. फक्त त्या कामाच्या पगारात तिथलं घर परवडत नाही.