अर्ज कोणी करायचा?

हंटर आयोगापुढे १८८२ साली सादर केलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सरकारी शिष्यवृत्त्यांविषयी थोडक्यात, पण नेमके वर्मावर बोट ठेवले होते. चढाओढीने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसते, पण ज्या वर्गांना शिक्षणाची गोडी आधीच लागली आहे त्यांच्याच पदरात ती पडते. ज्यांच्यात शिक्षण पोचलेच नाही त्यांना काही शिष्यवृत्त्या मिळतील अशी तजवीज हवी, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. वेगळ्या तजविजीची मागणी पुढे साठेक वर्षांनी मान्य झाली आणि आज आपली सगळी व्यवस्था तिच्यावर उभी आहे. त्या म्हणण्यातला दुसरा मुद्दा मात्र मागेच पडला. देणाऱ्याने जागेवर बसून राहायचे आणि घेणाऱ्याने चालत येऊन आपली पात्रता पटवून द्यायची, अशी रीत असली की चालत येण्याची ऐपत ज्याच्याकडे आहे तोच पोचतो. दीडशे वर्षांत महाराष्ट्रात शिष्यवृत्तीचा पैसा वाढला, देणारे बदलले, निकष बदलले. सिद्ध करण्याचे ओझे विद्यार्थ्याच्या डोक्यावरून उतरले नाही. उलट काही बाबतींत ते वाढले, असे माझे म्हणणे आहे.

फुल्यांच्या डोळ्यांपुढे जी व्यवस्था होती तिची मुळे पेशवाईतल्या दक्षिणेपर्यंत जातात. श्रावणात पुण्याच्या रमण्यात वाटली जाणारी दक्षिणा इंग्रजी अमलात आटत गेली आणि तिच्या पैशातून आधी संस्कृत पाठशाळा, मग ग्रंथांची बक्षिसे, मग कॉलेजातल्या दक्षिणा फेलोशिप निघाल्या. न्यायमूर्ती रानडे दक्षिणा फेलो होते. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्यासाठी जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची शिष्यवृत्ती होती. १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. या माणसांच्या बुद्धीविषयी शंका घेण्याचे कारणच नाही. पण त्याच सुमाराच्या मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कुलातल्या भीमराव आंबेडकरांना संस्कृत घेऊ दिले नाही आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. संस्कृताच्या त्या स्पर्धेत ते हरले नाहीत. त्यांना उतरूच दिले नव्हते. तत्त्वतः न्याय्य असलेली चढाओढ प्रत्यक्षात कशी चालते, याचा इतका बोलका पुरावा दुसरा सापडणार नाही.

सरकारच्या बरोबरीने खासगी दात्यांचीही एक परंपरा याच काळात उभी राहिली. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी स्थापन केला; पहिल्या लाभार्थींत कृष्णाबाई केळवकर होत्या. तो पैसा कर्जाऊ होता, फेडायचा होता. श्यामजी कृष्णवर्मांनी लंडनहून जाहीर केलेल्या शिष्यवृत्त्यांना अट होती, ती इंग्रज सरकारची नोकरी न पत्करण्याची. विनायक दामोदर सावरकरांनी १९०६ मध्ये त्यांतल्या ‘शिवाजी’ शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला तेव्हा शिफारस टिळकांची होती. प्रत्येक दात्याला बदल्यात काही ना काही हवे असते आणि त्यात वावगे काही नाही. मात्र या सगळ्या प्रकरणांत अर्जदार आणि दाता यांच्यामध्ये एक मध्यस्थ दिसतो, मुलाला ओळखणारा आणि दात्यापर्यंत पोच असलेला.

आंबेडकरांच्या बाबतीत तो मध्यस्थ कृष्णराव अर्जुन केळुसकर होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून दरमहा २५ रुपये मिळण्यामागे त्यांचाच शब्द होता, आणि त्या बळावर आंबेडकर १९१२ मध्ये बी. ए. झाले. पुढे महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेस पाठवणार होते. तेव्हा अर्ज झाला, निवड झाली आणि ४ जून १९१३ रोजी करारपत्रावर सही झाली. तीन वर्षे महिना साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षे नोकरी. या कराराकडे आपण बहुधा कृतज्ञतेने पाहतो आणि ते रास्तच आहे. पण तो करार म्हणूनही वाचून पाहावा. विद्यार्थ्याने काय करायचे ते त्यात लिहिले होते. संस्थानाने काय करायचे, हे पैशापलीकडे लिहिलेले नव्हते. १९१७ मध्ये आंबेडकर नोकरीवर रुजू झाले तेव्हा बडोद्यात त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी म्हणून एका धर्मशाळेत उतरावे लागले आणि तिथूनही हुसकावले गेले. दहा वर्षांची अट पाळण्यासाठी डोक्यावर छप्पर लागते ही गोष्ट करार करणाऱ्या कोणाच्या मनात आली नसावी. पुढचे लंडनचे शिक्षण त्यांनी स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या जोरावर पुरे केले.

म्हणूनच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर आंबेडकरांनी शिष्यवृत्तीचा प्रश्न दातृत्वाच्या कक्षेतून बाहेर काढला, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला दिले आणि १९४४ पासून अनुसूचित जातींच्या कॉलेज शिक्षणासाठी वर्षाला ३ लाख रुपयांची तरतूद झाली. आजची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ती हीच. स्वातंत्र्यानंतर लवकरच ती आदिवासी विद्यार्थ्यांपर्यंत आणि मग इतर मागासवर्गीयांपर्यंत गेली. महाराष्ट्रात १९५९ मध्ये यशवंतराव चव्हाणांच्या काळात फी माफीची सवलत जातीऐवजी उत्पन्नावर आली. मर्यादा आधी वर्षाला ९०० रुपये, मग १२००. ‘ईबीसीचा फॉर्म’ हा शब्द तेव्हापासून मराठी घरांत रुळला. ग्रामीण भागातली एक अख्खी पिढी त्या फॉर्मवर शिकली, आणि या निर्णयाचे मोल कमी लेखणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. केळुसकरांसारखा कोणी भेटण्याच्या नशिबावर आता काही अवलंबून राहिले नाही. शिफारशीच्या पत्राची जागा दाखल्याने घेतली.

आणि मग दाखल्यांची संख्या वाढू लागली. हक्क म्हटला की हक्कदार कोण हे ठरवावे लागते, हे ओघानेच आले. पण ठरवण्याचे काम कार्यालयाने करायचे की विद्यार्थ्याने, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नांचे उत्तर नेहमी दुबळ्याच्या विरोधात जाते. आजच्या अर्जदाराची फाइल उघडून पाहा. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, त्याआधी तलाठ्याचा अहवाल. जातीचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रमाला जात पडताळणीचे प्रमाणपत्र, आणि त्यासाठी वडिलांच्या किंवा आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची नोंद. अधिवास, रेशन कार्ड, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, कॅपचे अलॉटमेंट लेटर, कॉलेजचे बोनाफाईड, मध्ये एक वर्ष वाया गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र, वसतिगृहात असेल तर वॉर्डनचा दाखला, आधारशी जोडलेले बँक खाते. खाते नुसते जोडून भागत नाही. अनेक खाती असतील तर पैसे ज्यात यायचे तेच खाते मॅप झालेले असावे लागते, आणि हे मुलाला बहुधा पैसे न आल्यावर कळते. मग अर्ज कॉलेजच्या क्लार्कच्या लॉगिनला, तिथून प्राचार्यांच्या, तिथून समाजकल्याणच्या. कुठेही ‘सेंड बॅक’ झाला की पुन्हा सेतू केंद्राची पायरी. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या मुलीने नोव्हेंबरात वडिलांच्या सहीचा कागद कुठून आणायचा, याचे उत्तर कोणत्याही शासन निर्णयात नाही.

उत्पन्नाच्या मर्यादेचे तर वेगळेच. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा कित्येक वर्षे अडीच लाखांवर आहे. घरातल्या दोघा कमावत्यांची मिळून महिन्याची कमाई २१,००० झाली की ती ओलांडली जाते. फी माफीच्या इतर योजनांची मर्यादा दरम्यान ८ लाखांवर गेली. वास्तवाशी नाते तुटलेली मर्यादा खोट्या दाखल्याला आमंत्रण देते, आणि मग खोटे दाखले पकडायला नवे कागद मागितले जातात. प्रामाणिक माणूस दोन्हीकडून मार खातो.

यावरचा पहिला आक्षेप ठरलेला आहे, आणि तो वजनदारही आहे. कागद मागितले नाहीत तर लूट होईल. झालीही होती. राज्यातल्या शिष्यवृत्ती वाटपातल्या गैरव्यवहारांसाठी २०१६ मध्ये विशेष चौकशी पथक नेमावे लागले. पण त्या प्रकरणातले आरोप कोणावर होते? मुख्यतः संस्थांवर. नसलेले विद्यार्थी दाखवणे, एकाच नावावर दोनदा रक्कम उचलणे, हे उद्योग एकोणीस वर्षांच्या पोराला एकट्याने जमणारे नव्हेत. लबाडी संस्थाचालकांच्या पातळीवर झाली आणि कागदांची सक्ती विद्यार्थ्यावर वाढली. त्यातून निघालेला एक उपाय मात्र खरोखर चांगला होता, हे कबूल करायला हवे. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा करणे. २०१७-१८ मध्ये महाडीबीटी पोर्टल आले. पहिल्याच वर्षी ते इतके अडखळले की ऑफलाइन अर्जांना मुभा द्यावी लागली. तरीही मधल्या हातांना चाप बसला, हे खरे. पण थेट जमा होणारी रक्कम वर्ष संपत आल्यावर आली, तर कॉलेज तोवर फी कोणाकडे मागते? ज्याच्याकडे ती नाही म्हणून तो शिष्यवृत्तीला पात्र ठरला, त्याच्याचकडे.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे आणि तो बहुधा स्वतः शिष्यवृत्तीवर शिकलेल्या माणसांकडून येतो. आम्हीही खेटे घातले, रांगा लावल्या. ज्याला शिकायचे आहे तो कागद गोळा करतोच. या म्हणण्यामागे कष्टाचा अभिमान आहे आणि त्याचा मान ठेवला पाहिजे. पण तो पुरावा म्हणून चालत नाही, कारण हे बोलायला जे उरले ते पोचलेलेच आहेत. जे तहसीलच्या दारातून परत फिरले आणि कामाला लागले, त्यांची नोंद कोणत्याच रजिस्टरात नसते. शिवाय फॉर्म भरण्याच्या चिकाटीचा आणि रसायनशास्त्र समजण्याच्या कुवतीचा संबंध काय? घरात शिकलेले माणूस असले की ही चिकाटी उसनी मिळते. फुल्यांनी ज्यांना शिक्षणाची गोडी लागलेले वर्ग म्हटले, त्यांच्या बाजूने झुकलेली जुनी चढाओढ अशी कागदांच्या वाटेने परत आली आहे. फरक इतकाच की आता ती एकाच प्रवर्गाच्या आत चालते, पहिल्या पिढीचा विद्यार्थी आणि तिसऱ्या पिढीचा विद्यार्थी यांच्यात.

राहता राहिला शासनाच्या कुवतीचा मुद्दा. पात्र कोण हे सरकारने स्वतःहून कसे ओळखायचे? दहावीचा निकाल राज्य मंडळ लावते. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला महसूल खाते देते, पडताळणी समिती सरकारचीच, प्रवेशाची कॅप फेरी सीईटी सेलची. महाडीबीटीवर दाखल्याचा बारकोड टाकला की तपशील आपोआप येतो, अशी सोय त्याच पोर्टलवर आहे. म्हणजे सरकार आपल्याच एका खात्याने दिलेला कागद दुसऱ्या खात्याला दाखवण्यासाठी मुलाला मध्ये उभे करते. महालेखापरीक्षकांनी २०१२ ते २०१७ या काळातल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची महाराष्ट्रासह पाच राज्यांत तपासणी केली, तेव्हा पात्र विद्यार्थी हुडकून त्यांच्यापर्यंत जाण्याचा वार्षिक आराखडाच केलेला नाही, यावर बोट ठेवले होते. केंद्र सरकारने तर डिसेंबर २०२० मध्ये ही योजना नव्याने मंजूर करताना, दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या १.३६ कोटी अतिगरीब विद्यार्थ्यांना पाच वर्षांत पुन्हा शिक्षणात आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि त्यासाठी सामाजिक-आर्थिक जनगणनेतली वंचित कुटुंबे, निरक्षर आईबाप, सरकारी आणि पालिका शाळांतून उत्तीर्ण झालेली मुले अशा खुणाही सांगितल्या. मुलांकडे आपण जायचे असते, हे तत्त्व कागदोपत्री तेव्हाच मान्य झाले.

त्यानंतरच्या काळातला राज्याचा सर्वांत मोठा निर्णय जुलै २०२४ चा. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. मुलींना उच्च शिक्षण मोफत, अशी त्याची जाहिरात झाली आणि ती बव्हंशी खरी आहे. प्रवेश घेताना त्या मुलीने उत्पन्नाचा आणि प्रवर्गाचा दाखला सीईटी सेलच्या पडताळणीत एकदा दाखवलेला असतो, कॉलेजात मूळ प्रतींसह दुसऱ्यांदा. माफी मिळावी म्हणून त्यानंतर ती महाडीबीटीवर नवा अर्ज भरते, तेच दाखले पुन्हा जोडून, आणि पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी आणखी एकदा.