नव्या वर्षाचा नवा दिनक्रम : संकल्प टिकतो कशावर?

नव्या वर्षाच्या प्रारंभी स्वतःच्या प्रकृतीसाठी एखादा नेम धरावा, ही इच्छा बहुतेकांच्या मनात येते. कोणी पहाटे फिरावयास जाण्याचे ठरवितो, कोणी चहातील साखर वर्ज्य करतो, कोणी तंबाखूची पुडी उकिरड्यावर भिरकावून देतो. फेब्रुवारी उजाडेपर्यंत यांतील बरेचसे संकल्प दिनदर्शिकेच्या उलटलेल्या पानाबरोबर मागे पडलेले असतात. याचा दोष सामान्यतः मनोनिग्रहाच्या अभावाला दिला जातो व तेथेच विचार थांबतो. वस्तुतः संकल्प मोडतो तो पुष्कळदा तो करणाऱ्याच्या दुबळेपणामुळे नव्हे, तर संकल्पाची बांधणी सदोष असल्यामुळे. ही बांधणी कशी असावी, याविषयी आपल्या प्राचीन वैद्यकग्रंथांत व अलीकडील संशोधनात आश्चर्य वाटावे इतके साम्य आढळते.

हा प्रश्न केवळ वैयक्तिक हौसेचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार, भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. हे विकार प्रारंभी दुखत नाहीत, खुपत नाहीत. ताप आलेला मनुष्य दवाखान्याची पायरी चढतो. रक्तदाब वाढलेला मनुष्य मात्र कामावर जातो, सभेला बसतो, रात्री जागून विवरणपत्रे पुरी करतो आणि एके दिवशी अर्धांगवायूचा झटका येऊन कोसळतो. गावाच्या आरोग्याच्या नोंदी ठेवणारे कर्मचारी, शिक्षक व पंचायतीचे सदस्य यांनी स्वतःच्या रक्तदाबाचा आकडा अखेरचा केव्हा पाहिला, हे त्यांना विचारून पाहावे. उत्तर बहुधा आठवणीतून काढावे लागेल.

वर्षाचा आरंभ कोणता मानावा?

कालगणनेतील एखाद्या टप्प्यावर माणसाला नवे काही आरंभण्याची उभारी येते, हे खरेच आहे. अमेरिकेतील हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन व जेसन रीस या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठवडा, महिना, वर्ष अथवा विद्यापीठाचे सत्र सुरू होताना व्यायामशाळेत जाणाऱ्यांची संख्या वाढते, असे दाखवून दिले. परंतु उभारी येणे निराळे आणि सवय जडणे निराळे.

आपल्याकडे तर वर्षारंभ एक नसून अनेक आहेत. १ जानेवारी आहे, चैत्रातील गुढीपाडवा आहे, व्यापाऱ्यांचा दिवाळीचा पाडवा आहे. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते, कार्यालयाचे १ एप्रिलला, आणि शेतकऱ्याचे खरे वर्ष मृग नक्षत्राच्या पावसाबरोबर. यांपैकी कोणता दिवस निवडावा, हा प्रश्न दिसतो तितका गौण नाही. लेखाशाखेतील कर्मचाऱ्याने १ जानेवारीला पहाटेच्या व्यायामाचा नेम धरला, तर तो रुजण्यापूर्वीच मार्चअखेरची धावपळ त्याला गाठते. त्याला १ एप्रिल हाच दिवस सोयीचा. याउलट शाळा उघडण्याच्या गर्दीत शिक्षकाने नवे काही आरंभण्यापेक्षा उन्हाळ्याच्या सुटीच्या उत्तरार्धात थोडी सुरुवात करून ठेवणे शहाणपणाचे. ज्या काळात आपला दिवस नेहमीच्या वळणाने जातो, त्या काळाच्या तोंडाशी असलेला दिवस आपला वर्षारंभ मानावा.

गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने गूळ, जिरे, हिंग, ओवा यांसह वाटून खाण्याचा प्रघात आहे. वर्षाच्या पहिल्या घासाला आरोग्याची आठवण व्हावी, ही कल्पना सुंदरच. मात्र वर्षातून एकदा खाल्लेल्या कडुनिंबाने उरलेल्या ३६४ दिवसांची सोय लागत नाही.

जुन्या ग्रंथांतील क्रम

वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ ग्रंथाच्या सूत्रस्थानात दुसरा अध्याय दिनचर्येचा आहे. पहाटे उठणे, दात घासणे, अभ्यंग, व्यायाम, स्नान असा क्रम त्यात दिलेला आहे. त्याची स्तुती आपण पुष्कळ करतो. परंतु त्यातील एक बारकावा सहसा कोणी सांगत नाही. बलवान माणसानेही व्यायाम आपल्या अर्ध्या शक्तीनेच करावा, असे तेथे म्हटले आहे. अर्धी शक्ती ओळखावी कशी, याचा निकष सुश्रुताने दिला आहे. श्वास तोंडाने घ्यावा लागू लागला, म्हणजे अर्धे बल खर्ची पडले असे समजावे. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतपत वेग ठेवावा, असे आजचे वैद्य सांगतात. दोहोंचा आशय एकच.

चरकाने तर सवय बदलण्याची रीतच सांगितली आहे. अंगवळणी पडलेली अहितकर गोष्ट एकदम न सोडता चतुर्थांशाने कमी करीत जावी, हितकर गोष्ट त्याच बेताने वाढवीत न्यावी आणि प्रत्येक पायरीनंतर काही दिवस थांबावे. आपण नेमके याच्या उलट करतो. पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर चालतो, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या धरतात व तिसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही. चार कप गोड चहा घेणाऱ्याने पहिल्या आठवड्यात प्रत्येक कपातील साखर पाव हिश्शाने कमी केली, तर घरच्या माणसांच्याही ते लक्षात येणार नाही.

सवय जडण्यास किती काळ लागतो?

एकवीस दिवसांत सवय जडते, असे ठामपणे सांगितले जाते. त्याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांचे १२ आठवडे निरीक्षण केले. प्रत्येकाने खाणे, पिणे वा व्यायाम यांपैकी एक लहानशी कृती निवडून ती रोज ठराविक प्रसंगी करावयाची होती. २०१० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, कृती आपोआप होऊ लागण्यास लागणारा काळ मध्यमानाने ६६ दिवस निघाला. कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणाला २५४ दिवस लागतील असा हिशेब आला. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या. व्यायामाला अधिक काळ लागला.

१ जानेवारीस आरंभ केला, तर ६६ वा दिवस मार्चच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि २५४ वा गणेशोत्सवाच्या सुमारास. म्हणजे फेब्रुवारीत कंटाळा येणे हे अपयशाचे लक्षण नसून वाट अजून संपलेली नसल्याचे लक्षण होय.

याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा खंड पडत नाही. आपल्या व्रतवैकल्यांच्या संस्कारामुळे ‘नेम मोडला’ म्हणजे सारेच गेले, अशी आपली समजूत असते. पाहुणे आले, निवडणुकीचे काम लागले, घरात आजारपण निघाले, की दोन दिवस चुकणारच. तिसऱ्या दिवशी काही झालेच नाही अशा रीतीने पुन्हा सुरू करावे.

जुन्या कृतीची खुंटी

कोणतीही नवी कृती अधांतरी टिकत नाही. तिला रोजच्या एखाद्या जुन्या कृतीची खुंटी लागते. ‘रोज व्यायाम करीन’ हा संकल्प मोघम झाला. ‘शाळा सुटल्यावर घरी जाताना एक थांबा आधी उतरून चालत जाईन’ हा संकल्प पक्का, कारण त्यात वेळ, जागा व प्रसंग तिन्ही ठरलेले आहेत. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात अशा ‘अमुक झाले की तमुक करीन’ या धाटणीच्या निश्चयांचे महत्त्व विशद केले आहे. ग्रामीण भागात सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दूध घालावयास जाणे हा न चुकणारा कार्यक्रम असतो. एरवी फटफटीवर होणारी ही फेरी पायी केली, तर व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी आठवड्यास किमान १५० मिनिटांच्या मध्यम श्रमाची शिफारस केली आहे. पाच दिवस अर्धा-अर्धा तास चालल्याने ती पुरी होते, आणि तो अर्धा तास सलग असलाच पाहिजे असे नाही.

मिठाच्या बाबतीत खुंटी आहे ती किराण्याच्या पाकिटाची. प्रौढाने दिवसास ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे, असे ही संघटना सांगते. घरात पाच प्रौढ माणसे असतील तर दिवसाचे २५ ग्रॅम, म्हणजे एक किलोचे पाकीट ४० दिवस पुरले पाहिजे. पाकीट उघडण्याची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी व ते संपते केव्हा ते पाहावे. पंचवीस दिवसांत संपले, तर कोणीही उपदेश करण्याची गरज उरत नाही. बाहेरून आणलेले पापड, लोणचे, फरसाण, वेफर्स यांतील मीठ या हिशेबात आलेले नसते, हेही ध्यानात असावे.

तंबाखूला मात्र हा संथ क्रम लावून चालत नाही. चतुर्थांशाने कमी करावयास गेलेला मनुष्य बहुधा अर्ध्यावरच अडकून पडतो. म्हणून दिवस ठरवून पूर्ण सोडणे व त्यासाठी साहाय्य घेणे श्रेयस्कर. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनाशुल्क समुपदेशन मिळते. आपल्याकडे अनेक स्त्रिया दात घासण्याच्या निमित्ताने मशेरी लावतात व तिला तंबाखूत गणीतही नाहीत. मशेरी म्हणजे भाजून कुटलेला तंबाखूच. येथे खुंटी आधीपासून आहे, ती सकाळच्या दंतधावनाची. फक्त तिच्यावर टांगलेली वस्तू बदलावयाची आहे.

घरातील स्त्रीविषयी आणखी एक गोष्ट. तिच्या दिवसात स्वतःसाठी राखलेली वेळ अशी नसतेच. सर्वांचे झाल्यावर उरलेसुरले जेवावयाचे आणि सर्वांच्या नंतर निजावयाचे, या क्रमात कोणताही नवा नेम बसू शकत नाही. तिचा अर्धा तास मोकळा व्हावयाचा, तर पाणी भरणे, मुलांचे डबे, भांडी यांपैकी एखादे काम दुसऱ्या कोणी तरी उचलले पाहिजे. प्रौढास किमान सात तासांची झोप हवी, हा नियम तिलाही लागू आहे.

तपासणी व औषध

वर्षारंभीचा पहिला नेम कोणता, असे विचारल्यास रक्तदाब मोजून घेणे, असे उत्तर द्यावे लागेल. आयुष्मान आरोग्य मंदिरांत ३० वर्षे व त्यावरील वयाच्या स्त्रीपुरुषांची रक्तदाब, मधुमेह व मुखकर्करोग यांसाठी तपासणी केली जाते. स्त्रियांसाठी स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचीही तपासणी त्यात समाविष्ट आहे. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, पाठ टेकलेली व हात हृदयाच्या पातळीवर असावा, अर्धा तास आधी चहा वा तंबाखू घेतलेला नसावा. सायकल दामटीत आलेल्या माणसाचा दाब तत्काळ घेतल्यास तो वाढलेलाच दिसणार. आकडा १४०/९० किंवा त्याहून अधिक असा वेगवेगळ्या दिवशी पुन्हा आढळला, तर डॉक्टरांकडून उपचार सुरू करावेत.

खरी अडचण त्यानंतरच येते. गोळ्यांनी दाब उतरला, बरे वाटू लागले, की त्या बंद केल्या जातात. बरे वाटते ते गोळी चालू आहे म्हणून, हे वारंवार सांगावे लागते. उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणासाठी २०१७ मध्ये देशात जो विशेष उपक्रम सुरू झाला, त्यात प्रारंभीच्या राज्यांत महाराष्ट्राचा समावेश होता. रुग्ण नियमितपणे औषध घेण्यास परत येतो की नाही, यावर त्यात विशेष भर होता. देवपूजा ज्या घरात रोज होते, तेथे गोळ्यांची डबी मुलांच्या हाती लागणार नाही अशा बेताने देव्हाऱ्यावरच्या फळीवर ठेवली, तर आठवण करून देण्यास दुसरे कोणी लागत नाही.

गावाचा दिनक्रम

एकट्याने धरलेला नेम एकट्याने मोडता येतो. चारचौघांत धरलेला तितक्या सहजी मोडवत नाही. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालीत आणि संस्थानातील शाळांतून त्यांनी नमस्कारांचा पाठ सुरू केला. त्यांचे या विषयावरील इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. राजाच्या उत्साहापेक्षाही येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट म्हणजे, नमस्कार शाळेच्या वेळापत्रकात बसविले गेले. विद्यार्थ्याला रोज नव्याने ठरवावे लागले नाही.

पंचायतीला हेच निराळ्या रीतीने करता येईल. शाळेचे मैदान सकाळी एक तास ग्रामस्थांना खुले करणे, डेअरीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बंद दिवे सुरू करणे, चालणाऱ्या स्त्रियांना सुरक्षित वाटेल अशी एखादी वाट झाडून व उजेडात ठेवणे, यांस मोठा निधी लागत नाही. पंचायतीच्या व शाळेच्या बैठकीत चहाबरोबर भज्यांऐवजी भाजलेले शेंगदाणे वा हंगामातील फळ ठेवण्यास तर ठरावाचीही गरज नाही. १ जानेवारीचे संकल्प डळमळू लागतात त्याच सुमारास २६ जानेवारीची ग्रामसभा भरते. आरोग्य कर्मचाऱ्यांना रक्तदाबमापकासह त्या दिवशी बोलवावे, आणि पहिली खुर्ची सरपंचांनी घ्यावी.