मागचं ओझं

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये साखर कारखान्यांचे गाळप हंगाम सुरू झाले, की ऊसपट्ट्यातल्या रस्त्यांची चाल बदलते. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही शिगोशीग भरलेल्या, आणि मागे खोळंबलेल्या वाहनांची रांग. आपण हॉर्न वाजवतो, चडफडतो आणि संधी मिळताच पुढे निघून जातो. पण हे ओझं कसं भरावं आणि कसं ओढावं, याचंही एक शास्त्र आहे. ते चालकाइतकंच तुम्हा-आम्हालाही ठाऊक हवं.

खरं तर ते आपल्याला नवं नाही. बैलगाडीत माल मागे जास्त झाला, तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे जास्त झाला, तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो. म्हणून जुना गाडीवान पोती रचताना आसावर नजर ठेवायचा आणि भार किंचित पुढे राखायचा. ब्रिटनमध्ये मोटारीमागे छोटी घरगाडी जोडून सहलीला जाणारी माणसंही हेच करतात. घरगाडीच्या वजनाच्या पाच ते सात टक्के भार पुढच्या जोडावर यावा, असा तिथला साधारण दंडक आहे. तो कमी पडला, की मागची गाडी वेगात झोके घेऊ लागते.

दोनचाकी ट्रॉलीचंही तसंच. भार मागे गेला, की हूक वर खेचला जातो आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड सुटू लागते. पुढे फार आला, तर ट्रॅक्टरची पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग हाती असूनही ऐकत नाही. काही तरुण चालक पुढची चाकं उचलून दाखवण्यात मर्दुमकी मानतात. त्या क्षणी ट्रॅक्टर त्यांच्या ताब्यात नसतो, एवढंच त्यातून सिद्ध होतं. मोळ्या उंच रचल्या, तर एक चाक साइडपट्टीवरून खाली उतरताच ट्रॉली कलंडते.

दुसरी गोष्ट ब्रेकची. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेकच नसतात. ट्रॅक्टर स्वतः दोन-अडीच टनांचा, मागे त्याच्या कित्येक पट ऊस. चालकाने करकचून ब्रेक दाबला, की मागचं ओझं ट्रॅक्टरलाच ढकलतं आणि आडवं करतं. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकांचे दोन वेगळे ब्रेक असतात. शेतात वळताना ते सोयीचे, पण रस्त्यावर ते एकत्र जोडलेलेच हवेत. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर गाडी सोडणं म्हणजे जीव गहाण ठेवणं. वेग दुप्पट झाला, की थांबवायची ताकद चौपट लागते. हुकाच्या पिनेला क्लिप आणि जोडीला साखळी, हा खर्च मोठा नाही.

तिसरी गोष्ट रात्रीची. ताशी ऐंशी किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात बावीस मीटर कापते. अंधारात उभी किंवा रेंगाळणारी ट्रॉली दिसेपर्यंत ब्रेकवर पाय ठेवायलाही वेळ उरत नाही. मागे लाल परावर्तक पट्ट्या हव्यात, आणि लोंबणाऱ्या उसाने त्या झाकल्या जाता कामा नयेत. बंद पडलेल्या ट्रॉलीच्या चाकाखाली लावलेला दगड निघताना उचलायला हवा. तो तसाच राहिला, तर नंतर येणाऱ्या दुचाकीस्वाराचा घात करतो. टेपचा आवाज इतका मोठा नको, की मागचा हॉर्नच ऐकू येऊ नये.

यात दोष एकट्या चालकाचा नाही. तोडणी आणि वाहतूक यांचे पैसे टनावर मिळतात. खेप जितकी मोठी, तितकी कमाई. काट्यावर वजन मोजलं जातं, जोखीम मोजली जात नाही. ट्रॉली फडातून निघण्यापूर्वी मुकादमाने आणि कारखान्याच्या गेटवर कर्मचाऱ्याने पिन, साखळी, पट्ट्या पाहिल्या, तर पाच मिनिटंही लागणार नाहीत.

आणि आपण? मुलांना धावत्या ट्रॉलीतून ऊस ओढू देऊ नये, ट्रॅक्टर आणि ट्रॉलीच्या मधल्या दांड्यावर कुणाला बसू देऊ नये. रात्री पुढे अंधारात काही हललं, तर आधी वेग कमी करावा. त्या उसावर कधी कधी तोडणी कामगाराचं अख्खं बिऱ्हाड बसलेलं असतं, दिवसभर कोयता चालवून दमलेलं. साखरेचा गोडवा आपल्या कपात पोचतो, तेव्हा ती माणसंही सुखरूप घरी पोचलेली असावीत.